गाभण मेंढीच्या वाटणीची पेंड

गिरिजा,

परवा आपल्या शुक्रवार पेठेतलेच एक वयस्क गृहस्थ भेटायला आले होते. चहा घेता घेता शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, "मेंढ्यांच्या डॉक्टरीणबाई त्या ह्याच ना?" माझी नजर वळली तशी त्यांनी जीभ चावली. आपण काहीतरी कमीपणाचं बोललो असं त्यांना वाटलं असावं. "म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, असं म्हणायचं होतं मला," असं पुटपुटत त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "नाही नाही, बरोबर बोललात. मेंढ्यांच्याच." आणि गिरिजा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी मान आपसूक ताठ झाली.

तुला माती दिली त्याला अजून महिना व्हायचाय. शाळेतल्या एका मित्रानं वर्तमानपत्रात द्यायला म्हणून तुझी माहिती मागितली. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, नोकरी कुठं कुठं. मी टाळलं. ते सगळं खरंच आहे, पण त्यात तू कुठं आहेस? मला तू आठवतेस ती बहात्तरच्या दुष्काळातली, सांगोल्याच्या माळावर फतकल मारून बसलेली, डोक्यावर पदर, पायात पुरुषी बूट आणि समोर एक मेंढी.

तू सांगोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात, मी इथं सोलापुरात मुलांना गणित शिकवणारा. आपली लेक उमा माझ्या आईजवळ, अव्वाजवळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दुपारची एस.टी. धरायचो आणि रविवारी संध्याकाळी परत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपला संसार हा शनिवार-रविवारचा. लोक मला विचारायचे, "बायको तिकडं एकटी, तुम्ही इकडं, कसं चालतं हो?" मी म्हणायचो, चालत नाही, एस.टी.नं जावं लागतं.

त्या साली गाईबैलांसाठी छावण्या निघाल्या होत्या. मेंढ्यांना छावणी नव्हती. मेंढ्या काय, चालत जातात, जिथं पाला मिळेल तिथं. बहुतेक धनगर मंडळी आपली मेंढरं घेऊन लांब निघून गेली होती. मायाप्पाचं घर तेवढं मागं राहिलेलं. त्याचा मुलगा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा आणि सून हौसा दोन जिवांची होती. तिचं पहिलं बाळ वाटेवरच, कुठल्यातरी परमुलखातल्या बांधावर गेलं होतं. म्हणून या खेपेला म्हाताऱ्यानं ठरवलं, मेंढरं जगोत न जगोत, सुनेला घेऊन चालायचं नाही.

हे सगळं आपल्याला नंतर कळलं. आधी आला तो मायाप्पा, धोतराच्या सोग्यात कोकरू गुंडाळून. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. त्यानं कोकरू खाली ठेवलं. पुढचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. उभं राहायचं आणि गुडघ्यात बसायचं.

"बगा की बाई. उबंच ऱ्हाईना. दुसऱ्या एकाचा तर साध्या दगडावरनं उडी मारताना पाय मोडला. वारं लागलंय म्हनत्यात समदी."

तू कोकराचे पाय बोटांनी चाचपलेस. मनगटाजवळचे सांधे सुजल्यासारखे जाड झाले होते, ते मलाही दाखवलेस. मग विचारलंस, "याची आई कुठाय?"

"आई? आईला काय झालंय? आई चांगली हाय."

"मला आईच बघायची आहे."

म्हातारा तुझ्याकडं बघतच राहिला. आजारी कोकरू समोर असताना ही बाई आईची चौकशी का करते, हे मलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी आपण दोघं चालत त्याच्या मेंढ्यांच्या वाड्याकडं गेलो. काट्यांच्या कुंपणाआड बरगड्या मोजून घ्याव्यात अशा मेंढ्या. एक मेंढी लांब उभी राहून तोंड हलवत होती. मला वाटलं, रवंथ करतेय. जवळ गेलो तर तिच्या तोंडात कुठल्यातरी मेलेल्या जनावराचं वाळकं हाड. मला शिसारी आली. आपल्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, आणि इथं गवत खाणारं जनावर हाड चघळतंय! मी "शी" म्हणून मागं सरलो आणि तू मात्र तिथंच मातीत बसलीस. किती तरी वेळ बसलीस.

"अहो, ती हाड का खाते?"

"भुकेनं. दुसरं काय?"

"भुकेनं पाला खाईल, कागद खाईल. दातांनी फुटत नाही ते हाड का खाईल?"

परतताना तू मला समजावून सांगितलंस. तुझी समजावण्याची तऱ्हा माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी स्टाफरूममध्ये कधी कबूल केलं नाही. पोटातल्या कोकराची हाडं घडतात ती शेवटच्या दोन महिन्यांत झपाट्यानं. त्याला लागणारा चुना, त्याबरोबरचं स्फुरद, सगळं आईकडून जातं. आईला चाऱ्यातून मिळालं नाही तर ती आपल्या हाडांतून काढून देते. "आई हात आखडत नाही," तू म्हणालीस, "पण दोन वर्षं पाऊस नाही, माळावर नुसती काडी. तिच्याच हाडांत काही उरलं नसेल तर ती देणार कुठून? ऊन मिळालं नाही तरी हाडं वाकतात, पण ते इथं उदंड आहे. मग कमी काय पडलं, ते तिनंच तोंडात धरून दाखवलं की."

त्याच वाटेवर आपलं ते भांडण सुरू झालं. मी म्हणालो, "म्हणजे जन्मायच्या आधीच सगळं ठरतं म्हण की. मग आम्ही शाळा कशाला चालवायच्या?" तू फणकारलीस. "सगळं ठरतं असं कुठं म्हटलं मी? पाया म्हटलं. तुम्ही भिंती बांधा की." मी म्हटलं, भिंतीनं पायाही सावरता येतो. तू म्हणालीस, "गवंड्याला विचारा."

तुमच्या खात्याच्या सोलापूरच्या साहेबांनी आधी नकारार्थी मान हलवली होती. कोकरांना औषध पाजा, टॉनिक द्या, मेंढीला चारून काय होणार? पण माणूस सरळ होता. "एक वीण बघा," म्हणाले, आणि छावण्यांच्या पेंडीतून थोडी पोती दिली. शेंगदाण्याची पेंड, मीठ आणि वाफवून दळलेला हाडांचा चुरा. चुऱ्याचं पोतं सोलापुरातून न्यायचं होतं, म्हणून शुक्रवारी तू आलीस आणि ते आपल्या घरी आलं.

अव्वा लिंगपूजा आटोपून उठत होती. "एन वासना इदु?" म्हणून नाक धरून बाहेर आली. कसला वास हा! मी काहीतरी थाप मारणार होतो, पण तू सरळ सांगून मोकळी झालीस. "हाडांचा चुरा आहे अव्वा. मेंढ्यांना खायला."

"शिव शिव शिव! लिंगायताच्या घरात हाडं? आणि गवत खाणाऱ्या मुक्या जिवाला हाडं चारणार तू?"

"मेंढी आपण होऊन खातेय अव्वा. मी फक्त दळून देतेय." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "आणि गेल्या साली परसातल्या बेलाला तुम्ही ते पांढरं खत घातलंत ना, ज्यानं झाड एवढं फोफावलं, ते हेच होतं."

त्याच बेलाची पानं रोज महादेवाला जात होती. अव्वानं परसाकडं बघितलं आणि म्हणाली, "परसात ठेव. झाडाखाली." तुझ्या सगळ्या वादविवादांतला हा विजय मला सर्वांत आवडतो.

मायाप्पाच्या काही मेंढ्या उशिरा गाभण राहिल्या होत्या, चैत्रात विणाऱ्या. त्यांतल्या अर्ध्यांना खुराक द्यायचा, अर्ध्यांना नाही, असं तू ठरवलंस. तू अगदी खंगलेल्या बाजूला काढू लागलीस तेव्हा मी मधे पडलो. म्हटलं, अशी निवड केलीस तर गणित चुकेल, चिठ्ठ्या टाक. तू माझ्याकडं बघून हसलीस. "बरं झालं, मास्तरशी लग्न केलं." मग मी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि मायाप्पानं एकेक काढली. निवडलेल्या मेंढ्यांच्या पाठीवर त्यानं काव फासली. लाल पाठीच्या मेंढ्यांना संध्याकाळी वेगळं बांधून खुराक, बाकीच्या नेहमीप्रमाणं. बाकीच्यांना खुराकाविना ठेवताना तुझा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. पण पोती तेवढीच होती, सगळ्यांना पुरणारी नव्हतीच.

विरोध आला तो भागूबाईचा, मायाप्पाच्या बायकोचा. काटकुळी, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं तुला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमी शिकल्याल्या हायसा. पर पोटुशी मेंढी लई खाल्ली की कोकरू पोटात मोटं हुतंय आन् मग अडतंय. मेंढी बी जाती आन् कोकरू बी. माज्या सासूनं सांगितल्यालं हाय मला."

तू म्हणालीस, "एक वीण बघू भागूबाई. चुकलं तर मी हितंच हाय."

पुढच्या आठवड्यात घमेल्यातली पेंड कमी पडायला लागली. मेंढ्या अजून आशेनं बघतायत आणि पेंड संपली. तू पुन्हा मोजून दिलीस, पुन्हा तेच. मला वाटलं, म्हातारा विकत असावा. तू म्हणालीस, "मायाप्पा? छे." आणि त्या रविवारी दुपारी आपण कुंपणाच्या मागच्या बाजूनं गेलो, तर हौसा सावलीला बसलेली. हातात पेंडीचा खडा, ओठांना तपकिरी भुगा. आपल्याला बघून ती एवढी दचकली की खडा हातातून पडला.

तिथं तू काय केलंस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तू तिच्या शेजारी बसलीस, पडलेला खडा उचललास, पदराला पुसून त्याचा तुकडा मोडलास आणि तोंडात टाकलास. चावून म्हणालीस, "जरा मीठ पाहिजे होतं गं."

हौसा हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "बाई, सासूबाईस्नी सांगू नगासा. येकच भाकरी देत्यात मला. जास्त खाल्लं तर पोर अडंल म्हनत्यात. मला लई भूक लागती ओ बाई. मेंढरांचं खाल्लं, पाप लागंल का?"

दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची, तीही तिचा नवरा घरी आणायचा आणि सासू बाजूला ठेवायची. तू तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्यास, नखं बघितलीस. मग तडक उठून भागूबाईसमोर उभी राहिलीस. तुला इतकी संतापलेली मी पाहिली नव्हती. रागावलीस की तुझ्या तोंडी कानडी यायची, आणि त्या दिवशी निम्मं कानडीच होतं. भागूबाईला शब्द कळले नसतील, पण अर्थ पोचला: गाभण मेंढीला लागतं ते पोटुशी सुनेलाही लागतं.

"माज्या सुनंला जनावरात धरता व्हय?" ती म्हणाली. "मी तिची वैरीण हाय? अवो, माजी लेक हुती. पयल्या बाळंतपनाला माहेराला आली. म्या लाडानं चारलं. भाकरी, दूद, गूळ, काय मागंल ते. आन् अडली. दोन दीस वरडत हुती. माज्या मांडीवर गेली. म्या चारलं म्हनून गेली. आता सुनंला चारू?"

तुझा राग तिथंच विरला. वाटेत मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणालीस, "सुम्निरी. गप्प बसा थोडं."

दुसऱ्या शनिवारी मी आलो ते अव्वानं केलेले डिंकाचे लाडू घेऊन. ही सगळी हकिगत मी घरी सांगितली होती. पोत्याच्या वासानं नाक धरणारी अव्वा रात्री उठून खारीक कुटत बसली होती. भागूबाईनं लाडवांचा डबा घेतला, कपाळाला लावला आणि सगळे लाडू वस्तीवरच्या पोरांना वाटून टाकले. हौसाच्या वाट्याला एक. मला चीड आली. तू म्हणालीस, "एक तरी दिला ना. पुढच्या आठवड्यात परत आणा." आणि हौसाला पेंडीऐवजी फुटाणे-गूळ तू आपल्या पिशवीतून चोरून द्यायला लागलीस. चोरीची ही एकच गोष्ट तू आयुष्यात केली असशील.

मग चैत्रातला तो रविवार. लाल पाठीच्या मेंढ्यांतली पहिली विणार म्हणून आपण सकाळपासून तिथंच होतो. मेंढी कळा द्यायला लागली. सगळं नीट चाललंय असं वाटलं आणि मग थांबलं. कोकराचं तोंड दिसतंय, पाय एकच, आणि पुढं काही सरकेना. मेंढी मान टाकून कण्हायला लागली.

भागूबाई किंचाळली, "सांगत हुते! सांगत हुते मी! अडली बगा, चारलं म्हनून अडली!" आणि तिनं छाती पिटायला सुरुवात केली. मागं दारात हौसा उभी होती, पोटावर दोन्ही हात धरून, पांढरीफटक.

गिरिजा, त्या क्षणी मला तुझी नाही, त्या पोरीची काळजी वाटली. ही मेंढी मेली तर हौसाच्या ताटातली ती एक भाकरीसुद्धा अर्धी होणार, हे मला लख्ख दिसत होतं. तुलाही दिसत असणार. बाह्या वर केल्यास, हात धुतलेस, तेल लावलंस. "अहो, मान धरा हिची. घट्ट नको, मायेनं." मी मान धरली. तुझा हात आत गेला आणि तू डोळे मिटलेस. तुझ्या कपाळावरून घाम माझ्या मनगटावर पडत होता. मग तू भागूबाईला हाक मारलीस.

"हितं या. हात धुवा. तुमचा हात द्या मला."

ती यायला तयार नव्हती. मायाप्पानं तिला ढकललं. तू तिची बोटं धरून आत नेलीस.

"काय लागलं?"

"पाय... पर मागं वळल्याला हाय."

"मुडपलाय. कोकरू मोठं नाही भागूबाई, पाय मागं मुडपलाय. चारण्यानं पाय मुडपत नाही. समजलं? आता बघा."

तू कोकराला किंचित मागं ढकललंस, खूर तळहातात झाकून पाय पुढं घेतलास, आणि पुढच्या कळेबरोबर ते ओलंचिंब काळं कोकरू तुझ्या मांडीवर आलं. तू त्याचं नाक पुसलंस. ते शिंकलं. मेंढीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली.

आपण सगळे बघत बसलो. थोड्या वेळानं ते धडपडलं, पडलं, परत धडपडलं आणि उभं राहिलं. चारही पाय सरळ. खुंटीसारखे. मायाप्पा जवळ जाऊन त्याच्या पायांवरून हात फिरवत होता आणि नुसतं "आरं, आरं, आरं" म्हणत होता.

भागूबाई मात्र कोकराकडं बघत नव्हती. तिचा हात अजून ओला होता. तिनं तुला विचारलं, अगदी हळू, "मग माज्या लेकीचं बी आसंच काय झालं आसंल?"

तू कधीच माहीत नसलेलं सांगत नव्हतीस. "मी तिथं नव्हते," तू म्हणालीस. "काय झालं होतं, मला सांगता येणार नाही. पण भागूबाई, आईच्या हातच्या भाकरीनं कुणी मरत नाही. तुम्ही नाही मारलं तिला."

त्या बाईनं तुझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि असं रडली की कुत्रीसुद्धा गप्प झाली. किती वर्षांचं होतं ते, तिलाच ठाऊक.

त्या दुपारी त्यांनी आपल्याला जेवायला थांबवलं. जोंधळ्याच्या भाकरी, पातळ आमटी, शेंगांची चटणी. भागूबाईनं तुला वाढलं, मला वाढलं, आणि मग चुलीपुढं बसलेल्या हौसाच्या ताटात एक भाकरी टाकली. थांबली. आणि दुसरी टाकली. हौसानं मान वर केली नाही. तू माझ्याकडं बघितलं नाहीस, मी तुझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघंही तिथंच रडलो असतो. वैशाखाच्या शेवटी हौसाला मुलगी झाली. तिचं रडणं म्हणे शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं.

बाकीच्या मेंढ्याही व्याल्या. लाल पाठीच्या मेंढ्यांची कोकरं बहुतेक सरळ पायांची, आणि त्या मेंढ्यांना दूधही आलं. खुराक न मिळालेल्यांची काही कोकरं आधीसारखीच गुडघ्यात बसणारी. वस्तीवर तुझा जयजयकार झाला, आणि तू काय केलंस? त्यांच्यात उभी राहून म्हणालीस की पेंड, मीठ आणि हाडांचा चुरा तिन्ही एकदम दिलं, नक्की कशाचा किती गुण ते मला अजून सांगता येत नाही. मी कपाळाला हात लावला. लोक हार घेऊन उभे आणि ही बाई शंका काढतेय! पण परत येताना एस.टी.त खिडकीशी बसून मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो. मी इतकी वर्षं गणित शिकवतोय. उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासा, हे पोरांना सांगतो. ते जगताना मी तुला पाहिलं.

आणि आपलं भांडण. वाकड्या पायांच्या त्या कोकरांना तू नंतर दूध, खुराक सगळं चालू केलंस. दोन कोकरांचे पाय पावसाळ्यापर्यंत पुष्कळ सरळ झाले. मी वाड्यात पाऊल टाकताच जाहीर केलं, "बघ! शाळेचा उपयोग होतो." तू त्या तिसऱ्या कोकराकडं बोट दाखवलंस, जे शेवटपर्यंत लंगडत राहिलं. "आणि याचं काय, मास्तर?" हे पुढं किती वर्षं चाललं! उमाला गणितात कमी मार्क पडले की तू म्हणायचीस, पाया कच्चा. मी म्हणायचो, भिंत सावरेल. यंदा दवाखान्यातल्या खाटेवर, मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हासुद्धा, डॉक्टर खाण्याची पथ्यं सांगून गेले आणि तू पुटपुटलीस, "फार उशिरा चारताय हो मला." मी चिडलो, म्हटलं, उशीर-बिशीर काही नसतो. तू हसलीस. ते भांडण तू जिंकलीस असं मी अजून म्हणणार नाही. ती दोन कोकरं माझ्या बाजूची साक्षीदार आहेत, आणि उमा यंदा कॉलेजात गणितात पहिली आलीय.

एक सांगायचं राहिलं. तुझ्याबद्दल मी स्टाफरूममध्ये इतका बोलायचो की शेवटी शेवटी लोक घंटेची वाट बघायचे. पानवाल्याला सांगितलंय, न्हाव्याला सांगितलंय, एस.टी.च्या कंडक्टरला तर मेंढीची सगळी वीण साभिनय सांगितलीय. फक्त तुझ्यासमोर कधी तोंडातून निघालं नाही. आपल्याकडं नवरा-बायकोत तशी रीत नाही म्हणून असेल. मला तुझा अभिमान वाटायचा, गिरिजा. अजून वाटतो. छातीत मावत नाही इतका.

गेल्या रविवारी तुझं सामान आणायला सांगोल्याला गेलो होतो. तू नाहीस आणि एस.टी. मात्र वेळेवर होती, याचा राग आला. सामान थोडंच होतं. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून बाजाराच्या बाजूनं चालत निघालो. रस्त्याकडेला एका धनगरानं मेंढरं बसवली होती. ओळखीचा नव्हता, लांबचा असावा, पंचविशीतला गडी. कळपातून त्यानं काही मेंढ्या वेगळ्या काढल्या होत्या आणि त्यांच्यापुढं घमेल्यात काहीतरी कालवत होता. मी जवळ गेलो. पेंड, मीठ आणि वर पांढरट भुकटी.

माझे पाय तिथंच थांबले. विचारलं, "ह्यांनाच का? बाकीच्यांना नाही?"

"ह्या गाभन हायत की," तो म्हणाला, जणू हे काय विचारणं झालं. "पोटुशीला आदी चारायचं. न्हाय तर कोकराच्या हाडात बळ धरत न्हाय."

"कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. शहरी माणसाच्या अडाणीपणाची कीव यावी तसं हसला.

"सांगायचं काय त्यात पावनं? रीतच हाय ही. आमच्या आज्या-पणज्यापासनं चालत आलीया."

गिरिजा, आज्या-पणज्यापासनं! मी तोंड उघडलं होतं. तुझं नाव जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं, त्या गड्याला रामराम केला, आणि गाडी सुटेपर्यंत त्याच्या मेंढ्या खाताना बघत उभा राहिलो.